मॉस्को-कझान: कमरेला डॉलर बांधून आठ दिवस

आधी थोडं निघण्यापूर्वीचं

माझी सगळी नोकरी बँकेच्या फॉरेक्स डिपार्टमेंटमध्ये गेली. त्यामुळे मार्च २०२२ मध्ये रशियाच्या सात बँका स्विफ्टमधून काढल्या अशी बातमी आली तेव्हा घरात सगळे युद्धाबद्दल बोलत होते आणि मी एकटीच म्हणत होते, अरे बापरे, आता ह्यांचे एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे माल घेणाऱ्याच्या बँकेने दिलेली पैशाची हमी) कोण उघडणार! लोकांना वाटतं स्विफ्ट म्हणजे पैसे पाठवायचं मशीन, पण ते फक्त निरोप्याचं काम करतं, ह्या बँकेचा निरोप त्या बँकेला, की अमक्याच्या खात्यात एवढे जमा करा. १९७३ मध्ये बेल्जियममध्ये सुरुवात झाली, १९७७ पासून हेच निरोप्याचं काम चाललंय. पण निरोप्याच गावात यायचा बंद झाला की गावाचं काय होतं, हे मला बघायचं होतं. रिटायर झाल्यावर लोक चारधामला जातात, मी सप्टेंबर २०२४ मध्ये रशियाला गेले. सोबत भाचा, वय २४, ज्याने पाकीट म्हणून वस्तू कधी वापरलेलीच नाही, चहावाल्यालासुद्धा क्यूआर.

ई-व्हिसा चार दिवसांत आला (तेव्हा तो १६ दिवसांचा होता), तिकीट दिल्लीमार्गे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. खरी तयारी पैशांची. व्हिसा आणि मास्टरकार्डने मार्च २०२२ मध्येच रशियातून अंग काढून घेतलं, म्हणजे आपल्या बँकेचं कार्ड तिथे नुसतं प्लास्टिक. रुपे चालत नाही, यूपीआय चालत नाही. रोख न्यायची. आता गंमत बघा, बाहेरदेशी जाताना आपल्याला एका ट्रिपला साधारण ३,००० डॉलरपर्यंतच नोटा नेता येतात, बाकीचे कार्डावर. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमात इराण, रशिया आणि जुन्या सोव्हिएत संघातून झालेल्या सीआयएस गटातले देश यांना अपवाद आहे, तिथे जाणाऱ्याला सगळं परकीय चलन नोटांत नेता येतं. नोकरीत हा नियम मी कितीतरी लोकांना तोंडपाठ म्हणून दाखवला असेल, स्वतःवर वेळ आली तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला. रुबल मागितले तर फॉरेक्सवाला हसला. म्हणजे डॉलरला पर्याय शोधायची सगळ्यात मोठी हाक जो देश देतोय त्या देशात जायला डॉलरच लागतात. भाचा म्हणाला, "मावशी, हे म्हणजे उपासाच्या दिवशी हॉटेल शोधण्यासारखं आहे."

टीप: नोटा कोऱ्या करकरीत घ्या, नव्या सिरीजच्या. पेनाचा ठिपका, शिक्का, घडी काहीही चालत नाही. दुकानातच एकेक नोट उजेडात धरून बघा, लाजू नका.

दिवस १, मॉस्को

शेरेमेत्येवोला उतरलो तर ऊन! मी स्वेटर, कानटोप्या, हातमोजे अशी बॅग भरलेली, आणि बाहेर लोक हाफ शर्टात. सप्टेंबरच्या शेवटाला असं ऊन पडलं की त्याला ते 'बाब्ये लेतो' म्हणतात, बायकांचा उन्हाळा. का बायकांचा ते टॅक्सीवाल्याला नीट सांगता आलं नाही, पण हसला फार.

एअरपोर्टवर रेट वाईट असतो हे जगभरचं सत्य, म्हणून फक्त १०० डॉलर बदलले. खिडकीतल्या बाईने मी दिलेली पहिलीच नोट परत केली. कोपऱ्यात निळ्या पेनाचा एक बारीक टिंब होता, जो मला चष्मा लावूनही आधी दिसला नव्हता. वर दिलेली टीप मी लिहिते आहे ती अशी शिकून. टॅक्सी अ‍ॅपवर रोख देता येते, सिम पासपोर्टवर मिळालं. जेटलॅग वगैरे काही नाही, अडीच तासांचाच फरक.

दिवस २, डॉलरचे सतरा भाव

सकाळी उठून डॉलर बदलायला बाहेर पडलो आणि इथे मला खरा खजिना सापडला. एकाच रस्त्यावरच्या चार बँका आणि चारांचे भाव वेगळे, कुठे ८८ रुबल, कुठे ९१, आणि खरेदी-विक्रीत एवढं अंतर की आमच्या वेळी कुणी ठेवलं असतं तर ऑडिटवाल्याने लालच पेन काढलं असतं. का? तर जून २०२४ मध्ये अमेरिकेने मॉस्को एक्सचेंजवरच निर्बंध घातले आणि दुसऱ्या दिवसापासून तिथे डॉलर-युरोचे सौदे बंद. भाव ठरवायचा तो मोठा बाजारच गेला, आता बँका आपापसांत जे सौदे करतात त्यावरून सेंट्रल बँक अधिकृत रेट काढते. भाजी मंडई बंद झाली आणि प्रत्येक हातगाडीवाल्याचा कांदा वेगळ्या भावाने, तसं. फलकावर डॉलर, युरो आणि त्यांच्या बरोबरीने चिनी युआन. युआनमध्ये ठेवी घेतो अशी जाहिरातसुद्धा काचेवर होती. रुपया? फलकावर कुठेच नाही. मी मुद्दाम चार ठिकाणी बघितलं.

शेवटच्या बँकेतली मुलगी इंग्रजी बोलायची. माझं रिटायर्ड फॉरेक्स असणं तिला कळल्यावर तिने खुर्ची पुढे ओढली, मागे रांग नव्हती. ती म्हणाली, कार्डाचं सामान्य माणसाला काही जाणवलं नाही, तिचं जुनं व्हिसाचं कार्ड देशात अजून चालतं. हे मला माहीत होतं पण तिच्या तोंडून ऐकायला मजा आली. २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया ताब्यात घेतल्यावर अमेरिकन कंपन्यांनी इथल्या काही बँकांची कार्डं अचानक बंद केली होती, तेव्हाच रशियाने धडा घेतला आणि देशातल्या देशात होणारे सगळे कार्डाचे व्यवहार स्वतःच्या यंत्रणेतून फिरवायला लागले. २०१५ च्या शेवटी स्वतःचं मीर कार्ड काढलं, स्विफ्टसारखा स्वतःचा निरोप्या तयार केला. म्हणजे घर पेटायच्या आठ वर्षं आधी विहीर खणून ठेवली होती. फक्त ही विहीर कुंपणाच्या आत आहे, बाहेर पडलं की तहान आहेच.

भाच्याला मीरपेक्षा फोनवरून फोनवर पैसे पाठवायची त्यांची सोय जास्त आवडली, २०१९ पासून आहे, आपल्या यूपीआयची चुलत बहीण. क्यूआर दिसला की त्याचा हात आपोआप खिशात जायचा आणि मग आठवायचं. बिचारा चार दिवस नोटा मोजताना लहान मुलासारखा जीभ बाहेर काढून मोजत होता.

बाकी दिवस रेड स्क्वेअर, गुम मॉलमधलं वॅफल कपातलं आइस्क्रीम (खाच), आणि मॅकडोनल्ड्सच्या जागी २०२२ मध्ये आलेलं 'फ्कुस्नो इ तोच्का'. नावाचा अर्थ 'चविष्ट, बस्स, पूर्णविराम'. फ्राइज डिट्टो तेच.

दिवस ३, मॉस्को ते रात्रीची गाडी

त्रेत्याकोव्ह गॅलरीत वेरेश्चागिनने काढलेला ताजमहाल बघितला, पाय दुखले, मेट्रो स्टेशनं बघितली, आणखी पाय दुखले. रात्री कझान्स्की स्टेशनवरून कझानची गाडी.

ह्या गाडीसाठी मी परत जाईन. डब्यातल्या चहाचे ग्लास धातूच्या नक्षीदार खोळीत बसवून देतात, गाडी हलली की टिणटिण वाजतात. आमच्या समोर एक तातार (कझानकडचा तुर्की वंशाचा, मुस्लिमबहुल समाज) आजी, सत्तरीच्या पुढच्या, मुलगा नाबेरेझ्नी चेल्नीला कामाझ ट्रकच्या कारखान्यात. भाषांतराच्या अ‍ॅपवर गप्पा. मी भारतातली म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी हवेत काहीतरी मोठं काढलं आणि एक हात नाकापासून खाली सोडला. हत्ती! सोव्हिएत काळात भारतीय चहाच्या पुड्यावर हत्ती असायचा, तो पुडा घरी असणं म्हणजे पाहुण्यांसमोर मान वर. दुकानात आला की रांग.

आणि मला एकदम आमचे जुने साहेब आठवले, ज्यांनी रुपी-ट्रेडची खाती सांभाळली होती. १९५३ च्या करारापासून भारत आणि सोव्हिएत संघाचा व्यापार रुपयांत चालायचा. डॉलर आपल्याकडे नव्हते आणि त्यांच्याकडेही नव्हते. ते यंत्रं, शस्त्रं, तेल द्यायचे, आपण चहा, साबण, बनियन, तंबाखू, रुपयांत हिशोब. त्या आजींच्या हत्तीच्या पुड्यामागे कुठल्यातरी लेजरमधली एक रुपयाची एंट्री होती. सोव्हिएत संघ गेला, रुबलचा भाव काय धरायचा यावर भांडणं झाली, १९९३ मध्ये कर्जाचा करार झाला आणि ती व्यवस्था संपली. आज 'नवीन पर्याय' म्हणून जे बोललं जातं त्यातलं निम्मं आपण आधी करून मोडून बसलोय, हे मात्र कुठल्या चर्चेत कुणी सांगत नाही.

आजी दरवर्षी तुर्कस्तानात अंतल्याला समुद्रावर जातात. आधी मीर कार्ड तिथे चालायचं, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेने डोळे वटारले आणि तुर्की बँकांनी ते बंद केलं. मग आता? आजींनी ब्लाउजवर थाप मारली. डॉलर. आम्ही दोघी एवढ्या हसलो की वरच्या बर्थवरचा माणूस उठून बसला.

झोपायच्या आधी त्यांनी तातार शब्द शिकवले. पुस्तक म्हणजे किताप, जग म्हणजे दोन्या, वेळ म्हणजे वाकित. आभारी आहे म्हणजे रहमत.

दिवस ४, कझान आणि हॉटेलचा घोळ

सकाळी कझान, तातारस्तान प्रांताची राजधानी. आणि हॉटेलात कळलं की बुकिंग आहे पण पैसे आलेले नाहीत.

नेहमीच्या साइट्सवर रशियातली हॉटेलं दिसत नाहीत म्हणून आम्ही एका एजंटकडून केलं होतं, त्याला इथे रुपयांत पूर्ण पैसे दिले होते. फोनाफोनी केल्यावर कळलं की माझे रुपये आधी दुबईला गेले, तिथे त्यांचे दिरहॅम झाले, तिथला एकजण मॉस्कोतल्या एकाला सांगणार आणि तो मॉस्कोतला कझानला रुबल देणार. ह्यातला शेवटचा माणूस गावाला गेला होता. मी आयुष्यभर लोकांना सांगत आले की असे आडमार्ग धरू नका, आणि माझेच पैसे आडमार्गात अडकले. रिसेप्शनवरचा मुलगा चांगला होता, दिलगीर होता, पण पैसे दिल्याशिवाय किल्ली देईना, बरोबरच आहे. परत रोख भरले. एजंटने तीन आठवड्यांनी परत केले, तेही पन्नास फोन केल्यावर. कमरेचं पाऊच एकदम अर्धं झालं आणि तिथून पुढे आम्ही दोघं रोज रात्री पलंगावर नोटा मांडून हिशोब करायचो.

टीप: जेवढा खर्च वाटतोय त्याच्या दीडपट रोख न्या, आणि ती दोन जणांच्या अंगावर विभागून ठेवा. हॉटेल 'तिथे गेल्यावर पैसे' असंच घ्या. ट्रेनचं तिकीट एजंटकडून घेतलंत तर पीडीएफ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

संध्याकाळी राग शांत करायला क्रेमलिन. हो, कझानलाही क्रेमलिन आहे, क्रेमलिन म्हणजे किल्ला. आत निळ्या मिनारांची कुल शरीफ मशीद, २००५ ची, पण नाव १५५२ मध्ये इव्हान द टेरिबलशी लढताना मेलेल्या इमामाचं. तिच्याजवळच कॅथेड्रल. आणि एका बाजूला झुकलेला सुयुंबिके मनोरा, त्याच्या शेजारची इमारत आधी चर्च होती आता म्युझियम. ह्या दोघांचं चित्र २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नवीन १,००० रुबलच्या नोटेवर छापलं होतं. मनोऱ्यावर चंद्रकोर दिसतेय आणि शेजारच्या घुमटावर क्रॉस नाही म्हणून ओरड झाली आणि एका दिवसात सेंट्रल बँकेने ती नोट थांबवली. एका देशाला स्वतःच्या नोटेवर काय छापायचं ते ठरवताना एवढा घाम फुटतो, आणि लोक ब्रिक्सच्या (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका वगैरे देशांचा गट) सामायिक नोटेबद्दल गप्पा मारतात! त्या नोटेवर कुणाचा चंद्र आणि कुणाचा क्रॉस?

दिवस ५, बाउमन स्ट्रीट, लातूरचा डॉक्टर आणि व्होल्गा

शहरभर ब्रिक्स. महिन्याभरावर परिषद होती, २२ ते २४ ऑक्टोबर, त्यामुळे रस्त्यांना नवीन पट्टे, कठड्यांना रंग, झाडांखाली नवी हिरवळ. आपल्याकडे मंत्री येणार म्हटल्यावर जे होतं तेच, फक्त थोडं सरळ रेषेत. रंग देणाऱ्या एकाला भाच्याने विचारलं की परिषदेत काय होणार, तो म्हणाला ट्रॅफिक जॅम.

मी शाकाहारी. इथे एच्पोच्माक नावाचा तिकोनी पदार्थ सगळीकडे, दिसायला समोसा, आत मांस-बटाटा, म्हणजे डोळ्यांना आशा आणि नशिबात निराशा. पण किस्तिबी मिळाली, भाजलेल्या पोळीत लोणी घातलेला मऊ बटाटा घालून दुमडलेली. बटाट्याच्या पोळीची दूरची नातेवाईक, फक्त हिरवी मिरची विसरून आलेली. मी पिशवीतली लसणाची चटणी काढली आणि मग तीन खाल्ल्या. वर मधात बांधलेला चाक-चाक, हा आपल्या बुंदीच्या लाडवाचा भाऊ, दाताला चिकटतो.

चटणीच्या वासाने असेल, शेजारच्या टेबलावरून "काकू, तुम्ही महाराष्ट्रातल्या का?" लातूरचा मुलगा, इथे एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला. कझानमध्ये भारतीय विद्यार्थी भरपूर. इथे आपली कॉन्सुलेट उघडणार अशी घोषणा त्याच जुलैत झाली होती आणि पोरं त्याच्या आशेवर होती. मी लगेच मुद्द्यावर आले, फी कशी भरतोस रे? तो म्हणाला, काकू, त्यावर वेगळी डिग्री देता येईल. वडिलांच्या बँकेने रशियाचं नाव बघून फॉर्मच परत केला. दुसऱ्या बँकेने घेतला, पैसे सहा आठवडे कुठेतरी होते, कुठे ते कुणालाच माहीत नाही. आता सुट्टीवरून येणारा प्रत्येक मुलगा दोन-तीन घरांच्या डॉलरच्या नोटा घेऊन येतो. "आमचं स्विफ्ट म्हणजे विमानातला सिनियर," तो म्हणाला.

मग मी त्याला उलटी बाजू सांगितली, जी सांगायला मला फार आवडतं. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यापार रुपयांत करायला वाट मोकळी केली, त्यासाठी खास व्होस्ट्रो खाती. व्होस्ट्रो म्हणजे 'तुमचं खातं, आमच्याकडे'. रशियन बँकेचे रुपये भारतातल्या बँकेत जमा. कागदावर झकास. पण २०२३-२४ मध्ये आपण रशियाकडून जवळपास ६१ अब्ज डॉलरचा माल घेतला, मुख्यतः तेल, आणि विकला ४ अब्जांचा. मग एवढे रुपये ठेवून ते काय करणार? मे २०२३ मध्ये गोव्यात त्यांचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह स्पष्टच म्हणाले, भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडलेत, वापरता येत नाहीत. युआनचं जमतं, कारण चीनकडून त्यांना गाड्या, फोन, मशीन सगळंच घ्यायचं असतं, २०२३ मध्ये दोघांचा व्यापार २४० अब्ज डॉलरच्या घरात आणि देणंघेणं बरंचसं तोलाचं. हातउसनं त्याच घराशी चालतं ज्या घरातून आपल्यालाही वाटीभर काही आणायचं असतं. आपल्या चहावर आता तेवढी रांग लागत नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं व्होल्गावर. समुद्रच म्हणा, पलीकडचा काठ पुसट. इथूनच पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा त्वेरचा व्यापारी होडीने खाली गेला. आस्त्राखानजवळ लुटला गेला, कर्जबाजारी होऊन घरी परत जायची सोय नाही, म्हणून पुढे पुढे करत इराण, होर्मुझ आणि शेवटी आपल्या चौलला उतरला! तिथून जुन्नर. सोबत विकायला आणलेला एक घोडा, ज्यावर त्याचे १०० रुबल खर्ची पडले होते, तो जुन्नरच्या खानाने काढून घेतला, धर्म बदल मग देतो म्हणाला. शेवटी एका खुरासानी माणसाने मध्ये पडून सोडवला. रेवदंड्याला त्याचा स्मृतिस्तंभ आहे, आम्ही शाळेच्या ट्रिपला गेलो होतो तेव्हा तो नव्हता. मी हे सांगत होते तेव्हा लातूरकर म्हणाला, म्हणजे पेमेंट तेव्हाही ओळखीच्या माणसामुळेच सुटलं.

दिवस ६

स्वियाझ्स्क, नदीतलं बेट, सुंदर, शांत, सफरचंदं विकणाऱ्या बायका. एका बाईने सुटे नाहीत म्हणून पैसेच घेतले नाहीत, पिशवी हातात कोंबली. 'रहमत' म्हटल्यावर दोन सफरचंदं आणखी.

दिवस ७ आणि ८, परत

विमानात भाचा म्हणाला त्याला आता नोटांचा वास ओळखता येतो.

आल्यावर ऑक्टोबरमध्ये टीव्हीवर ती परिषद बघितली, आपण चाललो त्याच रस्त्यांवरून गाड्यांचे ताफे. जाहीरनाम्यात स्थानिक चलनांत व्यवहाराचं स्वागत होतं, देशांमधल्या पेमेंटच्या सोयीचा उल्लेख होता, पण 'ऐच्छिक आणि बंधनकारक नाही' असं शेपूट लावून. डिसेंबरमध्ये जयशंकर दोह्यात म्हणाले की डॉलर हटवायचा भारताचा कधीच विचार नव्हता, त्याच्या थोडं आधी ट्रम्पनी डॉलरला पर्याय काढलात तर म्हणून ब्रिक्स देशांना १०० टक्के टॅरिफची धमकी दिलेली होती. ह्या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेली बातमी भाच्याने पाठवली: परिषदेला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ज्या सूचना होत्या त्यात लिहिलं होतं की परदेशी कार्डं चालणार नाहीत, सोबत डॉलर किंवा युरो रोख आणा.

माझ्याकडे ३,४०० रुबल उरलेत. इथल्या तीन फॉरेक्सवाल्यांकडे जाऊन आले, एकही घेत नाही, एकाने तर नोट उलटीसुलटी करून कुठल्या देशाची म्हणून विचारलं. कपाटात साडीच्या घडीत ठेवलेत, भाचा त्याला 'मावशीचं व्होस्ट्रो' म्हणतो. कुणी तिकडे जाणार असेल तर सांगा, घेऊन जा, भाव आपण चहावर ठरवू.